नळ स्टॉपजवळची खेळ-चाचणी सेवा: तीन आठवडे आणि ९३ नोंदी

‘नोंद क्रमांक ४१. पाणी अडखळते. फोन जुना, दोन जीबी रॅमचा. स्तर सुरू झाल्यापासून सुमारे २ मिनिटे ८ सेकंदांनी प्रवाह किंचित तुटक दिसतो. ४ मिनिटे १६ सेकंदांनी तुटकपणा वाढतो. ८ मिनिटे ३२ सेकंदांनंतर पाणी सेकंदाला दोनदाच हलते. स्तर पुन्हा सुरू केला की सगळे पूर्ववत. पाच वेळा करून पाहिले, पाचही वेळा हेच. दुसऱ्या, नव्या फोनवरही हेच.’

एवढी नोंद वाचून मी संगणकासमोर बसले आणि अर्ध्या तासात दोष सापडला. त्याआधीचे दोन महिने ‘पाणी मध्येच कसेतरी दिसते’ अशी तक्रार दोन मित्रांकडून आमच्या कानावर येत होती आणि आम्ही तिघेही तिला फोनच्या तापण्याचे कारण देऊन मोकळे होत होतो. लॉ कॉलेज रस्त्याच्या एका गल्लीत, नळ स्टॉपच्या मेट्रो स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका छोट्या चाचणी सेवेकडे आम्ही आमचा खेळ तीन आठवड्यांसाठी सोपवला होता, आणि त्या सेवेचे हे परीक्षण आहे. सेवेचे नाव मी देत नाही. ती चालवणाऱ्या मॅडम एका वेळी दोनपेक्षा अधिक कामे घेत नाहीत, आणि नाव छापू नये अशी त्यांनीच विनंती केली आहे. पुण्यात स्वतःच्या बळावर खेळ बनवणाऱ्यांच्या भेटीगाठींमध्ये त्या बहुतेक वेळा असतात. ज्यांना गरज आहे त्यांना त्या सापडतील.

आमचा खेळ पाण्याचा आहे. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी बंदिस्त नहरीतून शनिवारवाड्याकडे आणि शहरातल्या हौदांकडे आणले गेले. त्या रचनेवरून सुचलेले हे कोडे आहे. खेळणाऱ्याने नहरीचे बुजलेले भाग उघडायचे, उच्छ्वासांमधून, म्हणजे नहरीतली हवा बाहेर सोडणाऱ्या झरोक्यांमधून, हवेचा दाब सांभाळायचा आणि पाणी हौदापर्यंत पोहोचवायचे. मजकूर सगळा मराठीत आहे. खेळ गोडो ४ या मुक्त इंजिनावर बनवला आहे. आम्ही तिघे आहोत आणि तिघांनीही नोकरी सोडलेली नाही, म्हणजे चाचणीसाठी आमच्याकडे उरायची ती रविवारची दुपार. ज्याने दरवाजा बनवला तोच तो दरवाजा तपासणार, आणि तो तपासताना नकळत त्याच बाजूने जाणार, ज्या बाजूने जाण्यासाठी तो बनवला आहे.

नोंद ४१ कडे परत येते, कारण या सेवेचे खरे मोल मला तिथे कळले. पाण्याची हालचाल काढणाऱ्या शेडरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, स्तर सुरू झाल्यापासूनचा काळ सेकंदांमध्ये पाठवला जात होता. स्वस्त फोनवर चित्र लवकर उमटावे म्हणून त्या काळाच्या व्हेरिएबलला मीच मध्यम अचूकतेचा, म्हणजे ‘मीडियमपी’चा, शिक्का लावला होता. संगणकाचे ग्राफिक्स कार्ड साधारणपणे ही सूचना मनावर घेत नाही आणि ३२ बिटांचीच संख्या वापरते. फोन मात्र ती अनेकदा पाळतो आणि १६ बिटांची संख्या वापरतो. १६ बिटांच्या अपूर्णांकात अचूकतेसाठी ११ बिट असतात. त्यामुळे संख्या १ आणि २ च्या दरम्यान असते तेव्हा तिला १/१०२४ इतका बारीक फरक कळतो, पण संख्या जशी दुप्पट होत जाते तसा हा बारकावाही निम्म्या निम्म्याने बोथट होत जातो. १२८ सेकंदांनंतर तिला सेकंदाच्या आठव्या भागापेक्षा लहान फरक कळत नाही, २५६ नंतर चौथ्या भागापेक्षा, आणि ५१२ नंतर अर्ध्या सेकंदापेक्षा. आता नोंदीतले आकडे पुन्हा पाहा: २ मिनिटे ८ सेकंद म्हणजे १२८, ४ मिनिटे १६ म्हणजे २५६, ८ मिनिटे ३२ म्हणजे ५१२. ज्या मुलाने ही नोंद लिहिली त्याला शेडर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. त्याने फक्त घड्याळ लावले होते, आणि प्रत्येक वेळी कधी बिघडले ते प्रामाणिकपणे लिहिले होते. दुपटीचा तो क्रम डोळ्यांसमोर आल्यावर आणखी काही शोधावे लागले नाही.

दुरुस्ती दोन ओळींची होती. काळ शेडरकडे पाठवण्यापूर्वी त्याला लाटेच्या आवर्तनाने भागायचे आणि उरलेली बाकी पाठवायची, म्हणजे संख्या कधी मोठी होतच नाही. आम्ही तिघांनी तो स्तर शेकडो वेळा खेळला असेल, पण फोनवर कधीही दोन मिनिटांपेक्षा अधिक नाही, कारण उत्तर आम्हाला पाठ होते. पहिल्यांदा खेळणाऱ्याला त्या स्तराला वीस मिनिटे लागतात. म्हणजे आमचा प्रत्येक ग्राहक तुटके पाणी पाहणार होता आणि आम्ही एकदाही पाहिलेले नव्हते.

त्या मुलाशी पहिल्या आठवड्यातच भेट झाली. तो मला म्हणाला, “ताई, हा फोन माझ्या आईचा आहे. ती यावर भजने ऐकते आणि नातेवाइकांचे फोन घेते. खेळ यावर चालला तर कुठेही चालेल.” सेवेच्या कपाटात असे अठरा फोन आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक मुद्दाम जुने, तडा गेलेल्या काचेचे, भरलेल्या साठवणीचे ठेवले आहेत. मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांत याच्या कितीतरी पट उपकरणे असतात हे मला माहीत आहे. पण आमचा खेळ ज्या हातांत जाणार आहे त्या हातांतले फोन या कपाटात होते, आणि माझ्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे होते.

दुसरी मोठी गोष्ट सेव्ह फाइलची. दोन खेळाडूंची प्रगती पुसली गेली होती, आणि आम्ही आमच्या यादीत त्यापुढे ‘पुन्हा घडत नाही’ असे लिहून ठेवले होते. हे तीन शब्द लिहिताना हलके वाटते, पण ज्याची पाच तासांची मेहनत गेली त्याला त्या शब्दांनी काहीही मिळत नाही. सेवेने हे काम स्वतःहून उचलले. त्यांनी दोन जीबी रॅमच्या फोनवर खेळ चालू ठेवला, हौद भरून खेळ आपोआप सेव्ह होतो त्याच क्षणाला दुसऱ्या फोनवरून कॉल लावला, आणि असे चाळीस वेळा केले. तीन वेळा प्रगती गेली. मग त्यांनी फोनची साठवण चित्रफितींनी जवळजवळ काठोकाठ भरली आणि पुन्हा चाळीस वेळा केले. या खेपेला अकरा वेळा गेली. कारण तेव्हा स्पष्ट झाले. आम्ही जुनी फाइल लिहिण्यासाठी उघडत होतो, आणि उघडताक्षणी ती रिकामी होत होती. लिहिणे पूर्ण होण्यापूर्वी रॅम कमी पडली म्हणून अँड्रॉइडने खेळ बंद केला तर मागे शून्य लांबीची फाइल उरत होती. साठवण भरलेली असली की लिहायला वेळ लागतो आणि धोक्याची ती फट रुंदावते.

आता आम्ही नवी प्रगती आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहितो, मग तिचे नाव बदलून जुनीच्या जागी ठेवतो, आणि त्याआधीची एक प्रत बाजूला राखून ठेवतो. ही पद्धत प्रोग्रामिंगच्या जगात जुनी आहे, मला माहीतही होती. माहीत असणे आणि वेळेवर आठवणे यांत फरक आहे, आणि चाळिसांपैकी तीन हा आकडा समोर आल्याशिवाय ते मला आठवले नाही. ‘तीनदा झाले’ असे नुसते न लिहिता ‘चाळिसांपैकी तीन’ असे लिहिणारी ही माणसे आहेत. दुरुस्तीनंतर त्यांनी तीच कृती, तोच भरलेला फोन घेऊन शंभर वेळा करून पाहिली आणि एकदाही प्रगती गेली नाही. तेव्हाच त्यांनी ती नोंद बंद केली.

मराठी मजकुराबाबत मात्र माझे आणि त्यांचे पहिल्या आठवड्यात मतभेद झाले, आणि ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

आमच्या खेळात पात्रांचे बोलणे पडद्यावर एकेक अक्षर उमटत जाते. गोडो ४ मध्ये अक्षरांना आकार देण्याचे काम हार्फबझ ही तयार प्रणाली करते, त्यामुळे स्थिर मराठी मजकूर बरोबर दिसतो. याआधी ज्या इंजिनावर आम्ही काम केले होते तिथे वेलांटी चुकीच्या बाजूला जात असे, त्या मानाने ही मोठी सोय आहे. पण मजकूर उमटवत नेताना इंजिनाची मूळ मांडणी अशी आहे की आधी मजकूर कापला जातो आणि मग त्याला आकार दिला जातो. ‘किल्ल्याच्या’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्यासाठी त्यात तीन अक्षरे आहेत: कि, ल्ल्या, च्या. युनिकोडच्या, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या जागतिक प्रमाणाच्या, दृष्टीने त्यात बारा चिन्हे आहेत. एकेक चिन्ह उघडत गेले की आधी ‘क’ दिसतो, मग वेलांटी आल्यावर तो उजवीकडे सरकतो, मग ‘ल’ येतो, मग त्याचा पाय मोडतो, मग पुढचा ‘ल’ आला की दोघे मिळून वेगळाच आकार घेतात. संपूर्ण संवाद असा थरथरत उमटतो. परीक्षकांनी हे पहिल्याच दिवशी पाहिले, चित्रफीत जोडली आणि त्यापुढे गंभीरतेच्या रकान्यात ‘किरकोळ’ असे लिहिले.

मला ते पटले नाही. त्यांच्या ठरलेल्या तक्त्यानुसार मजकुरातले सर्व दोष किरकोळ धरले जातात, कारण मजकूर चुकला तरी खेळ बंद पडत नाही. तो तक्ता बाहेरच्या मोठ्या कंपन्यांच्या कामावरून घडलेला आहे, जिथे मजकूर म्हणजे बटणांवरची दोन-चार नावे. मराठीत खेळ बनवणाऱ्याने मराठीच मोडकी दाखवली तर त्याने खेळणाऱ्याला दिले काय? मी मॅडमना हे पत्राने कळवले. त्यांनी त्याच संध्याकाळी उत्तर दिले, तक्ता आमच्यापुरता बदलला, आणि मजकुराच्या नोंदी मराठीत लिहिण्याचे ठरवले, जेणेकरून ‘येथे अक्षर तुटते’ अशा इंग्रजी वर्णनाऐवजी नेमके कोणते अक्षर तुटते हे लिहिता यावे. हा बदल मागावा लागला, ही माझी तक्रार आहे. मागितल्यावर दुसऱ्या दिवसापासून झाला, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

दोष दूर करायला आम्हाला चार दिवस लागले. मजकुराला आधी पूर्ण आकार देऊन मग उघडण्याची सोय इंजिनात आहे, ती आम्ही वापरली. तरीही जोडाक्षर एकाच वेळी यावे यासाठी अक्षर कुठे संपते हे ठरवणारा नियम आम्हाला स्वतः लिहावा लागला. युनिकोडच्या नियमांतही देवनागरी जोडाक्षर न तोडण्याची तरतूद २०२३ मधल्या १५.१ या आवृत्तीत आली; त्याआधीच्या नियमांवर चालणारी कोणतीही प्रणाली ‘ल्ल्या’चे तुकडे करणारच. नियम साधा आहे. पायमोड्या व्यंजनापुढे व्यंजन आले तर तिथे थांबायचे नाही.

तक्ता बदलल्यानंतर जी नोंद आली ती मी जपून ठेवली आहे. सहाव्या स्तराच्या सुरुवातीला आम्ही लिहिले होते: ‘हे पाणी सह्याद्रीच्या दऱ्यांतून येते.’ पडद्यावर दिसत होते: ‘हे पाणी सह्याद्रीच्या दर्यांतून येते.’ दरीचे अनेकवचन जाऊन तिथे समुद्र आला होता. मजकूर लिहिणाऱ्या आमच्या सहकाऱ्याच्या कीबोर्डवर ‘दऱ्या’मधला तो खास र अदृश्य जोडचिन्ह वापरून उमटत होता, आणि स्प्रेडशीटमधून मजकूर खेळात घेताना नको असलेली अदृश्य चिन्हे काढून टाकणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला होता. त्याने ते जोडचिन्हही काढून टाकले. शुद्धलेखन तपासणाऱ्या कोणत्याही यंत्राला यात चूक दिसली नसती, कारण ‘दर्या’ हा मराठीतला खराखुरा शब्द आहे. ती चूक एका कोल्हापूरच्या मुलीला दिसली, जी वाक्य वाचून थांबली आणि जिने लिहिले: ‘सह्याद्रीत दर्या कसा? बहुधा दऱ्या म्हणायचे आहे.’ खेळात तशा आणखी चौदा जागा निघाल्या. सुऱ्या, पायऱ्या, वाऱ्यावर, सगळे बिघडले होते. मराठी वाचत मोठे झालेले डोळे चाचणीत असणे किती आवश्यक आहे, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला देता येणार नाही. त्याच मुलीने ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात हेही लिहिले. फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरे होती, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे आम्ही इंजिनाला सांगितलेच नव्हते. एका ओळीचे काम होते.

बाकी नोंदींविषयी थोडक्यात. सेकंदाला १२० वेळा पडदा बदलणाऱ्या फोनवर आमचा पाणक्या दुप्पट वेगाने धावत होता, कारण एका ठिकाणी हालचाल वेळेच्या हिशेबाने न करता चौकटीच्या (फ्रेमच्या) हिशेबाने केली होती. फोनची तारीख पुढे नेली की कोरडे हौद आपोआप भरत होते. शिवाजीनगर ते स्वारगेट या मेट्रोच्या भुयारी टप्प्यात नेटवर्क कमी-जास्त होत असताना परीक्षकांनी ऑनलाइन प्रगती जुळवून पाहिली आणि जुनी प्रगती नव्या प्रगतीवर लिहिली जाते असे दाखवून दिले. वनाज ते रामवाडी या मार्गावर, मुठेच्या पुलावरून जाताना खिडकीतून येणाऱ्या उन्हात, आमच्या नहरीचे गडद दगड दिसेनासे होतात हेही त्यांनीच सांगितले. तो प्रोग्रामचा दोष नव्हता, पण आम्ही रंग बदलले.

आता उणिवा. पहिल्या आठवड्यातल्या नऊ नोंदी जुन्या बिल्डवरच्या, म्हणजे खेळाच्या जुन्या आवृत्तीवरच्या, निघाल्या. आम्ही पाच दिवसांत तीन बिल्ड पाठवले होते आणि कोणाच्या फोनवर कोणता आहे याचा हिशेब त्यांच्याकडे राहिला नाही. यात आमचाही वाटा आहे, कारण खेळाच्या पहिल्या पडद्यावर आवृत्तीचा क्रमांक आम्ही दाखवत नव्हतो, आता दाखवतो. तरीही नोंदीच्या नमुन्यात बिल्ड क्रमांकाचा रकाना सक्तीचा नसावा, हे चाचणीच्या व्यवसायात शोभत नाही. मॅडमना तसे सांगितले आहे. आयफोन त्यांच्याकडे दोनच आहेत आणि तेही जवळजवळ सारखेच, त्यामुळे ज्यांचा खेळ प्रामुख्याने त्या बाजूचा आहे त्यांनी येथे येण्यापूर्वी विचार करावा. आवाजाच्या दोषांकडेही त्यांचे लक्ष कमी पडते. पाणी अरुंद भागातून जाताना आवाज फाटत होता, ते आमच्याच एका मैत्रिणीने हेडफोन लावल्यावर आमच्या लक्षात आणून दिले.

आणखी एक मर्यादा आहे आणि ती त्यांची चूक नाही, पण घेणाऱ्याने समजून घेतली पाहिजे. परीक्षक म्हणजे खेळाडू नव्हे. दुसऱ्या आठवड्यापर्यंत या मुलांना खेळ आमच्याइतकाच पाठ झाला होता. कोडे अवघड आहे का, पहिल्या पाच मिनिटांत नवख्याला काय करायचे ते कळते का, कुठे कंटाळा येतो, हे त्यांना विचारून उपयोग नाही. त्यासाठी आम्ही खेळ शेजारच्या मुलांना, माझ्या मामांना आणि कॉलेजमधल्या दोन वर्गांना दिला आणि मागे गप्प उभे राहून पाहिले. ते काम वेगळे आहे, आणि पैसे देऊन दोष शोधून घेतले म्हणजे तेही झाले असे समजणे चुकीचे ठरेल.

याच संदर्भात गूगल प्लेच्या नियमाचा उल्लेख केला पाहिजे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना खेळ सर्वांसाठी प्रसिद्ध करण्यापूर्वी बंद चाचणी, म्हणजे निवडक लोकांपुरती चाचणी, घ्यावी लागते. आधी त्यासाठी किमान २० परीक्षक लागत. डिसेंबर २०२४ पासून १२ लागतात, आणि ते सलग १४ दिवस त्या चाचणीत नोंदवलेले असावे लागतात. हा नियम आला तसे ‘१२ परीक्षक, १४ दिवस’ असे गठ्ठ्याने विकणारेही आले. पैसे दिले की बारा खाती तुमच्या चाचणीत नोंद होतात, खेळ एकदा उघडतात आणि पुन्हा कधी उघडत नाहीत. मी मॅडमना विचारले होते की हेही तुम्ही करता का. त्यांनी स्पष्ट नकार दिला. त्या म्हणाल्या, “चौदा दिवस नाव लावून बसायला माणसे लागत नाहीत. मी माणसे देते, ती खेळतात. तुम्हाला बारा हवी असतील तर तुमची बारा तुम्ही जमवा, मी त्यांना काय लिहायचे ते शिकवीन.” आणि त्यांनी शिकवले. एका शनिवारी सकाळी आमचे बारा नातेवाईक आणि मित्र त्यांच्या खोलीत बसले आणि दीड तासात चांगली नोंद कशी लिहायची ते शिकले: काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, किती वेळा केले, किती वेळा झाले. या दीड तासाचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्या बाराजणांकडून पुढच्या दोन आठवड्यांत आलेल्या एकवीस नोंदींपैकी सतरा आम्हाला थेट उपयोगी पडल्या. माझ्या मते हा या सेवेचा सर्वांत मौल्यवान भाग आहे, आणि त्यांनी तो स्वतंत्रपणे, मोबदला घेऊन, द्यावा असे मी त्यांना सुचवले आहे.

खर्चाचा हिशेब असा: दोन परीक्षक, प्रत्येकी ६० तास, तासाला ४५० रुपये, म्हणजे ५४,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ६३,७२० रुपये. आम्ही तिघांनी ही रक्कम आपापल्या पगारातून घातली, त्यामुळे ती लहान होती असे मी म्हणणार नाही. नोंदीमागे पैसे घेण्याची पद्धतही बाजारात आहे, आणि ती वरवर स्वस्त दिसते. पण तिथे एकाच दोषाच्या चार नोंदी होतात आणि चाळीस वेळा कॉल लावून पाहायला कोणी थांबत नाही. येथे तासाचे पैसे असल्यामुळे एका दोषावर पूर्ण दिवस घालवायला परीक्षक कचरत नाहीत. ९३ नोंदींपैकी ९ जुन्या बिल्डच्या, १४ आमच्या मते दोष नसून जाणीवपूर्वक घेतलेले निर्णय, ७ पुनरावृत्ती. उरलेल्या ६३ मधल्या ६२ आम्ही दुरुस्त केल्या. संगणकावरची आवृत्ती आम्ही पुढे स्टीम या संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात आणणार आहोत, जिथे विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालेला खेळ ग्राहकाला परत करता येतो. पाण्याचा दोष आठ मिनिटांत दिसणारा होता. हा हिशेब मांडल्यावर मला ती रक्कम जड वाटत नाही.

ज्यांचा खेळ अजून आकार घेतो आहे, रोज नियम बदलत आहेत, त्यांनी एवढ्यात येथे जाऊ नये. आज शोधलेला दोष उद्या तो भागच काढून टाकल्यामुळे निरर्थक ठरेल. ज्यांच्या खेळाची सुरुवात, मधला भाग आणि शेवट जागेवर आहेत, आणि प्रसिद्धीला किमान दोन महिने आहेत, त्यांच्यासाठी ही योग्य वेळ आहे. दोन महिने यासाठी की नोंदी तीन आठवड्यांत येतात, पण दुरुस्त्यांना आणि दुरुस्त्यांमुळे नव्याने बिघडलेल्या गोष्टींना त्याहून जास्त वेळ लागतो. आमच्या दुरुस्त्यांपैकी पाच दुरुस्त्यांनी दुसरीकडे काहीतरी मोडले होते, आणि तेही शेवटच्या चार दिवसांत याच मुलांनी जुनी यादी पुन्हा पहिल्यापासून चालवल्यामुळे कळले. जाताना स्वतःबरोबर तीन गोष्टी न्याव्यात असे मी सांगेन: पडद्यावर दिसणारा बिल्ड क्रमांक, खेळात काय घडले ते आपोआप लिहून ठेवणारी लॉग फाइल, आणि यादृच्छिक घटना ज्या बीजावरून, म्हणजे सुरुवातीच्या संख्येवरून, घडतात ते बीज लॉगमध्ये नोंदवण्याची सोय. या तीन गोष्टी आम्ही दुसऱ्या आठवड्यात घातल्या आणि पहिला आठवडा त्यामुळेच निम्मा वाया गेला.

दुरुस्त न झालेली त्रेसष्टावी नोंद अजून उघडी आहे. तिसऱ्या स्तरात दोन दारे एकाच क्षणी उघडली तर पाणी पहिल्या दारापाशी थांबून राहते. हे त्या कोल्हापूरच्या मुलीला एकदाच दिसले, तिने चित्रफीत घेतली, पण तेव्हा आमच्या लॉगमध्ये बीज लिहिले जात नव्हते. मला वाटते की दोन्ही दारांचे संकेत एकाच चौकटीत आले आणि त्यांचा क्रम उलटला, पण तसे मुद्दाम घडवून पाहिले तेव्हा पाणी नीट गेले. आमचा करार संपून सात आठवडे झाले आहेत. मॅडमनी ती नोंद बंद केलेली नाही आणि तिचे पैसेही लावलेले नाहीत. दर शनिवारी त्या मुलीचा निरोप येतो. गेल्या शनिवारचा असा होता: “ताई, आज साठ वेळा दोन्ही दारे एकदम उघडली. पाणी प्रत्येक वेळी गेले. पुढच्या आठवड्यात आईच्या फोनवर करून पाहते.”